पिठोराचे घोडे स्केटबोर्डवर? पटतं का तुम्हाला?

दांडियाबाजारकर:
भाच्यानं त्याची मोडलेली स्केटबोर्डची फळी घासून तिच्यावर पिठोराचे घोडे रंगवले आणि हॉलमध्ये टांगली. घरात कौतुकच कौतुक. मला मात्र खटकलं. छोटाउदेपूरकडे राठवा आदिवासींच्या घरी पिठोरा, म्हणजे भिंतीवरचं चित्र, नवसाचा असतो. भिंत सारवायची, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी बोलवायचा, मग लखारे रंगवणार. ते घोडे पाय द्यायच्या फळीवर?

फळीवाली:
काका, पाय वरच्या बाजूला असतात. तिथे ग्रिप टेप, पॉलिशपेपरसारखी खरखरीत. चित्र कायम पोटाकडे, नवी फळी येते तेव्हाही. कठड्यावरून घसरलं की तेच आधी खरवडतं, आणि आमच्यात तशी खरवडलेली फळीच मिरवतात.

दांडियाबाजारकर:
म्हणजे घोडे पायाखाली नाहीत, कठड्यावर घासायचे. जिवात जीव आला!

फतेगंजवाला:
पिठोरा भिंत सोडून केव्हाच कागद-कॅनव्हासवर आलाय, तोही राठवा चित्रकारांच्याच हातून. परेश राठवांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. आणि आपल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या मेळ्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार खेळणी करत बसायचा. बडोद्यात राहून फळीला नाकं मुरडायची म्हणजे कमाल आहे.

दांडियाबाजारकर:
कॅनव्हासवर काढायचं ते त्यांनी ठरवलं, पैसेही त्यांना मिळतात. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर बघून उतरवले. घोडे कुणाच्या लग्नाला निघालेत विचारा त्याला. मी विचारलं. म्हणाला, ‘मामा, डिझाइन आहे.’

फतेगंजवाला:
हे मात्र खरं. तेवढं माहीत हवं.

लाकूडवेडा:
मुळात रंगवायचंच कशाला? चांगली फळी म्हणजे मेपलचे ७ पातळ थर, गोंद लावून दाबलेले, त्यातले काही रंगवलेले. आडवी कापा, कडेला आयते पट्टे दिसतील. जपानचा हारोशी जुन्या फळ्या एकावर एक चिकटवून त्यातूनच मूर्ती कोरतो. पट्टे हीच त्याची रंगसंगती.
मी तशाच चिकटवून लेथवर भोवरे काढले आणि संखेड्याच्या लाकडी फर्निचरसारखी लाख चढवली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते. सपाट फळीवर हे जमणार नाही, ती फिरणार कशी? पहिला भोवरा लाख जास्त तापल्यानं काळा पडला. दुसरा शेजारच्या पोरानं पळवला, म्हणजे बरा असावा.

फळीवाली:
भोवरे छान, पण फळीची ओळखच गेली की! भाच्याच्या फळीकडे बघून निदान कळतं की ही कधी रस्त्यावर धावली होती.

दांडियाबाजारकर:
दुसरीही मोडलीय कालच. ही लाकूडवेड्यांकडे पाठवतो.

लाकूडवेडा:
पाठवा. ग्रिप टेप तेवढी काढून द्या. हेअर ड्रायरनं गरम केली की सुटते. आणि घासताना मास्क लावा, गोंदाची भुकटी वाईट.

दांडियाबाजारकर:
हे आधी सांगायचं! परवापासून सगळ्या गाद्या झटकतोय आम्ही.