दिव्यांग मूल घरी वाढवताना : सरकारी मदतीचे तुमचे अनुभव

योजनांची यादी सगळीकडे मिळते. तुमच्या पदरात काय पडलं आणि कुठे अडलं, ते लिहा. मुलांची, दवाखान्यांची नावं टाळूया.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई

सुरुवात यूडीआयडी कार्डापासूनच, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, पण बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहेच. तपासणीच्या दिवशी लेक माझ्या मांडीवर, पाय ताठ. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, किती वाकतो ते मोजलं, खाली टक्के लिहिले. माणूस चांगला होता, तक्रार नाही. पण हा रात्री दर थोड्या वेळाने कूस बदलून मागतो, एक वाटी भात भरवायला तास जातो, ठसका लागला की सगळं पहिल्यापासून. याला त्या फॉर्मवर रकानाच नाही. टक्के मुलाचे मोजतात, घरच्यांचे तास कुणीच मोजत नाही. मी नोकरी सोडली, तो पगार कुठल्या योजनेत धरायचा?

ऑटिझम असलेल्या मुलीचे बाबा

ताई, अगदी खरं. पैशांपुरतं सांगतो. राष्ट्रीय न्यासाचा (ही केंद्र सरकारची संस्था) ‘निरामय’ आरोग्य विमा जरूर काढा. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो (मर्यादा आहे, सगळा नाही). मात्र आधी खिशातून भरायचे, मग क्लेम. आमच्या थेरपिस्टबाई वहीच्या पानावर पावती द्यायच्या, तो क्लेम परत आला. छापील पावती, सही-शिक्का, नोंदणी क्रमांक पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

प्राप्तिकरात ७५,००० ची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या करप्रणालीत. ज्यांचं उत्पन्नच करपात्र नाही त्यांना याचा काय उपयोग, हे मला आजवर कळलेलं नाही.

केंद्र सरकारी नोकरीतली आई

तासांवरून आठवलं. आम्हाला ७३० दिवस बाल संगोपन रजा मिळते, पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. दिव्यांग मुलासाठी १८ वर्षांची अट नाही. वडिलांना मात्र ते एकल पालक असतील तरच. म्हणजे सांभाळायचं कुणी, हे सरकारने ठरवूनच टाकलंय!

गावाकडची आजी (नातू टाइप करतोय)

शिबिरात धाकट्याच्या खुर्चीचं माप घेऊन गेले. खुर्ची आली तोवर पोराचे पाय फळीच्या खाली लोंबायला लागले. पट्टे चांगले होते, बनावट मजबूत, पण बसवायचं कुणाला? शेजारच्या वाडीतल्या पोरीला दिली. ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी असतो, तो ग्रामसभेत उभं राहून विचारावा लागतो. विचारलं की मिळतो, थोडाफार.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाची आई

मुलं लहान असलेल्यांनी हे वाचून ठेवा. १८ पूर्ण झाले की कायद्याने आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. बँकेने आम्हाला काउंटरवरूनच परत पाठवलं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (१९९९) ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, कोर्टात जावं लागत नाही. सतरावं लागलं की कागद जमवायला घ्या. भावंडांशीही तेव्हाच बोला. आमच्या मुलीने स्वतःहून विचारलं, “तुमच्यानंतर माझं नाव लागणार ना?”