थॅलेसेमियाचा मुलगा आणि सासूबाईंचे खजुराचे लाडू

प्रश्न : सोलापूरची आई

नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे, थॅलेसेमिया मेजर (अंगात रक्त नीट तयार होत नाही तो जन्मजात आजार), दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याचं आता काही वाटत नाही, त्या दिवशी हे कारखान्यातून सुट्टी घेतात, मी डबा आणि रंगवायचं पुस्तक घेऊन वॉर्डात बसते, संध्याकाळी पोरगं उड्या मारत घरी. त्रास घरातला आहे हो. सासूबाईंच्या डोक्यात एकच, नातवाचं रक्त कमी आहे म्हणजे रक्त वाढवायला पाहिजे. मग रोज बीट, खजुराचे लाडू, गूळ-शेंगदाणे, आणि परवा शेजारणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून लोहाचं टॉनिकच आणलं की! मी ते लपवून ठेवलं तर दोन दिवस अबोला. त्यांचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून तर बोलता पण येत नाही. इकडे डॉक्टर म्हणतात लोह आधीच जास्त झालंय, फेरिटिन (साठलेलं लोह सांगणारी रक्ताची टेस्ट) 2,800 आलंय. त्यात सहावीतली लेक परवा म्हणते, मला पण काहीतरी आजार होऊ दे. कसं समजवायचं सगळ्यांना?

उत्तर : बार्शीची मावशी

ताई, माझी मुलगी नववीत, हाच आजार. टॉनिक लपवलंत ते बरोबर केलंत, ते अजिबात नको. पण लाडवावरून घरात रोजची भांडणं नकोत असं माझं स्पष्ट मत. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाहीच, ते लिव्हर, हृदय, ग्रंथींमध्ये साठत बसतं. त्यापुढे लाडवातलं म्हणजे दर्या में खसखस. रोज नको, कधीतरी एखादा खाल्ला तर खाल्ला. खरी नजर पाहिजे ती लोह काढायच्या गोळीवर. आमच्याकडे डेफेरासिरॉक्स आहे, विरघळवायची, सकाळी उपाशीपोटी पाण्यातून, मग अर्ध्या तासाने नाश्ता. (दुसऱ्या प्रकारची गोळी हलक्या खाण्याबरोबर चालते, तुमची कुठली ते विचारून घ्या.) पोरं चुकवतात ती हीच गोळी, चव आवडत नाही म्हणून. मी सरळ आमच्या सासूबाईंच्याच ताब्यात दिली. त्यांना सांगितलं, बाहेरच्या रक्तातून लोखंड येतंय, ते गोळीने शीवाटे निघतं, नाही निघालं तर काळजाला धरतं. तेव्हापासून सकाळी ग्लास घेऊन त्याच मागे लागतात, माझी सुटका.

उत्तर : जुळे सोलापूर २७

मी स्वतः पेशंट आहे, सध्या नोकरी करतो. लेकीबद्दल बोलतो. तिची एचएलए टेस्ट (भावाशी बोनमॅरो जुळतो का ते बघायची) झाली का? सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक असते, जुळलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करता येतो. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, 10 लाखांपर्यंत मदत, पण ठरावीक हॉस्पिटलमध्येच आणि अटी आहेत. फक्त रिपोर्ट काहीही येऊ दे, तिच्यासमोर "तूच भावाला वाचवणार" असलं कुणाला बोलू देऊ नका. माझ्या दादाला पाहुणे असं म्हणायचे, त्याचं जुळलं नाही, तर कितीतरी दिवस तो माझ्याशी नीट बोलत नव्हता, आपलीच चूक असल्यासारखा. आणि गड्ड्याच्या जत्रेला तिला एकटीला घेऊन जा. भाऊ राहू दे घरी आजीजवळ, रडला तर रडू दे.

उत्तर : अक्कलकोट रोडचा बाप

वरच्यांनी सांगितलंच सगळं. माझं एवढंच की उन्हाळ्यात सांभाळा. आपल्याकडे 43-44 ला पारा जातो, पोराला उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात राहिना तर गोळी तशीच देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, किडनीला त्रास होतो. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, रक्ताची बोंब होते, आत्ताच चार मित्रांचे रक्तगट लिहून ठेवा. रक्त ह्या मुलांना फुकट द्यायचा नियम आहे, पैसे मागितले तर पोराचं थॅलेसेमियाचं कार्ड दाखवा आणि भांडा. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड पण काढा, 2016 च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे. शाळेत बाईंना सांगितलंय का? रक्त चढवायच्या आधीच्या चार दिवसांत पोरगं मलूल असतं, बाईंना वाटतं आळशी हाय.

सोलापूरची आई

सगळ्यांचे आभार. लेकीची टेस्ट नाही झालेली, पुढच्या वेळी विचारते. बाईंना पण सांगते, हे डोक्यातच नव्हतं आलं. सासूबाई तसंही पाच वाजता उठतात, गोळीचं त्यांच्याकडे देऊन बघते. टॉनिकची बाटली मात्र परत मागतायत, काय करू?

बार्शीची मावशी

सील फोडलं नसेल तर मेडिकलवाला परत घेईल, पावती घेऊन जा. पैसे त्यांच्याच हातात द्या.