उपास, दशांश, प्रार्थना सगळं नीट पाळूनही परूशी चुकला कुठे?

मोहरीचा दाणा
बायबलमध्ये लूक 18:9-14 इथे येशूने सांगितलेल्या दाखल्यातला (बोधकथेतला) परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो आणि वर देवाचे आभारही मानतो. यातलं काही खोटं आहे असं येशू म्हणत नाही. तरी नीतिमान ठरून घरी जातो तो त्याच वेळी मंदिरात प्रार्थनेला आलेला जकातदार, म्हणजे लुबाडणारा म्हणून बदनाम असलेला करवसुली करणारा. मग परूशाचं नेमकं बिघडलं कुठे? आणि नेमाने उपवासकाळ पाळणाऱ्याने ही वृत्ती स्वतःत ओळखायची कशी? "नम्र राहा" एवढ्या उत्तराने हाती काही लागत नाही.

जैतून
आधी तो किती जास्तीचं करतो ते बघा. नियमशास्त्रात, म्हणजे मोशेच्या धर्मनियमांत, ठरवून दिलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशी (लेवीय 16:29). हा आठवड्याला दोन करतो. दशांश शेतीच्या उत्पन्नाचा सांगितलाय: धान्य, द्राक्षारस, तेल (अनुवाद 14:23). हा सगळ्याचाच देतो. उपदेशात त्याला लबाड ठरवून मोकळं होतात आणि दाखल्याची धार तिथेच जाते, कारण लबाडात कुणी स्वतःला बघत नाही.

आता त्याची प्रार्थना वाचा. आभार मानतो, इतरांसारखा नाही, उपास करतो, दशांश देतो. मागणं एकही नाही! दया मागितलीच नाही तर मिळणार कुठून? शिवाय मोजायला त्याने माणसं निवडली ती लुटारू, अन्यायी, व्यभिचारी आणि शेवटी मागे उभा असलेला "हा जकातदार". उलट जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तिच्यात दुसरा माणूसच नाही.

ओळखायचं असेल तर रात्रीची प्रार्थना आठवेल तशी कागदावर उतरवा. जिथे दुसऱ्याचं नाव येतं तिथे थांबा. त्याच्यासाठी काही मागितलंय, की त्याला शेजारी उभं करून आपली उंची मोजलीय? आठवडाभर केलंत तर कल कळतो.

गालील
याच्या जोडीला मत्तय 18:23-35 घ्या, तिथे हिशेबच मांडलाय. एका चाकरावर राजाचं कर्ज 10,000 तालांत. एक तालांत सुमारे 6,000 दिनार आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, दीड लाखाहून जास्त वर्षं. आणि हा म्हणतो, मला वागवून घ्या, सगळं फेडीन! राजा फेड मागत नाही, कर्जच सोडतो. पण चाकराच्या डोक्यातली फेड सुटत नाही, म्हणून बाहेर पडताच आपलं देणं लागणाऱ्या सोबतीच्या चाकराची मानगूट धरतो. माझ्या मते धार्मिक अहंकाराचं मूळ हेच: आपण फेडत आलोय असं वाटणारा माणूस दुसऱ्याकडून वसूल करतोच.

सोबतीचं देणं 100 दिनार होतं, हेही विसरू नका. तीन महिन्यांहून जास्त मजुरी, किरकोळ नव्हे. दया करायची म्हणजे झालेलं नुकसान नाकारायचं असा अर्थ कुणी काढू नये.

मोहरीचा दाणा
पटलं. मग उपास सोडायचा का? आणि दया फुकट म्हटल्यावर जकातदाराने उद्या पुन्हा लुबाडलं तर?

जैतून
दुसरं आधी. पुढच्याच अध्यायात जक्कय आहे, तोही जकातदार. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि मग तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला, लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो (लूक 19:8). गणना 5:7 प्रमाणे कबुलीनंतर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला की पुरे. चौपट त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं. क्रम महत्त्वाचा: दया आधी, भरपाई मागून. क्रम उलटा केला की भरपाई ही दयेची किंमत होऊन बसते आणि माणूस पुन्हा परूशाच्या जागी येतो.

उपास सोडू नका. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची एक रीत फार शहाणपणाची आहे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासकाळाच्या तयारीत जकातदार आणि परूशी यांचा रविवार येतो आणि त्यानंतरच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपासही बंद असतात. उपासाचा टेंभा मिरवायला जागाच उरू नये म्हणून.

गालील
त्यात एवढंच घाला: उपासाच्या दिवशी तोंड धुवून, डोक्याला तेल लावून बाहेर पडा (मत्तय 6:17). आणि उपास मोडला तर बदली दिवस धरून हिशेब जुळवत बसू नका. त्या रात्री जकातदाराचं वाक्य म्हणा आणि झोपा.