बेवारस बॅग आणि ग्रुपवरची भीती: मंडळाने काय करावं?

प्रश्न (सांगली): कुठे स्फोट झाला की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेवारस बॅगांचे फोटो फिरतात, पाठोपाठ एका समाजावर आरोप. गणपतीत हे आवरायचं कसं?

उत्तर (सातारा): बॅगेला हात लावू नका, पाणी ओतू नका. जवळ मोबाईल किंवा वॉकीटॉकी वापरू नका. "कुणाची आहे?" असं एकदा मोठ्याने विचारा, लोकांना लांब न्या आणि तिथून ११२ ला फोन करा. चौक, जवळचं दुकान, बॅगेचा रंग सांगा. घोळ होतो तो फोटोमुळे: तो आधी ग्रुपवर जातो, बघे जमतात, पोलिसांच्या गाडीला वाट राहत नाही. ग्रुप तेवढ्यापुरता 'फक्त ॲडमिन'वर ठेवा.

उत्तर (मिरज): आरोपांचं जास्त गंभीर आहे, दादा. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १२ जणांना २०१५ मध्ये दोषी ठरवलं गेलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ग्रुपवर निकाल मात्र दहा मिनिटांत लागतो! २६/११ नंतर महिन्याभरातच एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायदा आला, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. त्यात आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते. यावर बोलणाऱ्याला देशद्रोही म्हटलं की चर्चा तिथेच मरते.

उत्तर (मेढा): २६/११ ला आपल्या केडंबे गावच्या पोलीस तुकाराम ओंबळेंनी कसाबला जिवंत पकडून दिलं, म्हणून कट पुराव्यानिशी कोर्टात उभा राहिला. ग्रुपवर हे जरूर टाका.