पुस्तकातला फॅरामिर आणि पडद्यावरचा

टॉल्कीनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आलं, पीटर जॅक्सनचे तीन सिनेमे २००१ ते २००३ मध्ये. तुमच्या मनातलं कोणतं पात्र सिनेमात हरवलं, कोणतं तिथेच गवसलं? जरूर लिहा. सुरुवात मी करते.

माझा फॅरामिर हरवला, गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा. धबधब्यामागच्या गुहेत, फ्रोडो जी नष्ट करायला निघालाय त्या अंगठीची गोष्ट त्याचा सोबती सॅमच्या तोंडून निसटते. दोघेही हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीचे, भिंतीला पाठ लावून तलवारी चाचपडतात, गुहेतली माणसं बोलायची थांबतात. फॅरामिर ताडकन उभा राहतो. आणि मग हळूच हसत पुन्हा खुर्चीत बसतो! वाटेत पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं तो आधी बोलून बसलेला असतो आणि त्या शब्दाला जागतो. वाचताना अंगावर काटा आला होता. सिनेमात तोच फॅरामिर फ्रोडोला ऑस्गिलियथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत ओढत नेतो. शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी ताण हवा होता, हे कळतं. तरी पटत नाही. डेव्हिड वेनहॅमबद्दल तक्रार नाही, पटकथेबद्दल आहे.

---

फॅरामिरच्या बापाचं, डेनेथॉरचं, फार वाईट वाटतं. पुस्तकात तो पालांतीरमध्ये, म्हणजे दूरचं दाखवणाऱ्या गोळ्यात, बघत असतो आणि खलनायक सॉरॉन त्याला नेमकं खचवणारंच दाखवतो. एवढा करारी माणूस मोडतो, त्याचं कारण तिथे आहे. थिएटरमध्ये लागलेल्या सिनेमात ते कारणच गायब, उरतो तो पिपिन हा हॉबिट गात असताना टोमॅटो चावणारा दुष्ट बाप.

---

मी उलट बाजूने बोलतो. मी सिनेमे आधी पाहिले. फॅरामिरचा मोठा भाऊ बोरोमिर मला शॉन बीनने दिला. पुस्तकात त्याची शेवटची लढाई आपल्याला दिसतच नाही. त्याचा सोबती अ‍ॅरागॉर्न पोचतो तेव्हा बोरोमिर झाडाला टेकून बसलेला असतो, चार वाक्यं बोलतो आणि जातो. पडद्यावर एकेक बाण लागूनही तो उठतो. त्यानंतर पुस्तक वाचताना पहिल्या पानापासून मला तो आपला वाटला.

---

पुस्तकातला फ्रोडो निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो. नदी ओलांडायच्या उथळ जागी जखमी अवस्थेत, एकटा घोड्यावर बसून अंगठीमागे लागलेल्या नऊ स्वारांना सुनावतो. सिनेमात ते अ‍ॅरागॉर्नची प्रेयसी आर्वेन करते. आर्वेन आवडली, पण फ्रोडोचं ते धैर्य त्याच्याकडेच राहायला हवं होतं.

---

सिनेमात जिन्यावर फ्रोडो सॅमला परत जायला सांगतो, हे पुस्तकात कुठेच नाही. तो प्रसंग मी आजही न बघता पुढे पळवते.