तळघरातलं बाथरूम: ड्रेनेज लाइन जमिनीपेक्षा वर आहे, मांडणी कशी करावी?

प्रश्न
तळघरात ५ फूट × ८ फूट जागा आहे, दार ५ फुटांच्या भिंतीत. जमिनीपासून स्लॅब ७ फूट ९ इंचांवर. कमोड, बेसिन आणि शॉवर बसवायचा आहे. अडचण अशी की घराची मुख्य ड्रेनेज लाइन तळघराच्या जमिनीपासून २ फूट उंचीवर भिंतीतून बाहेर जाते. ठेकेदार म्हणतो, बाथरूमची जमीन ९ इंच उचलू, मग पाणी जाईल. हे बरोबर आहे का? आणि कमोड नेमका कुठे घ्यावा?

उत्तर – ढाळ_आधी
९ इंचांनी काहीच साधणार नाही. नहाणी ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारा जाळीखालचा भाग) जमिनीच्या खाली बसतो आणि तिथून लाइनकडे ढाळ मिळायला हवा. तुमची लाइन २ फुटांवर, म्हणजे जमीन त्याहूनही वर न्यावी लागेल. उगाच उंची घालवून ७ फुटांत उभं राहाल आणि पाणी तुंबेल ते वेगळंच.

इथे पंपाशिवाय मार्ग नाही. कोबा फोडून १८ इंच व्यासाची, ३० इंच खोल टाकी पुरा; बाथरूमचं सांडपाणी तिच्यात जमेल आणि पंप ते वरच्या लाइनमध्ये चढवेल. मैल्यासाठीचाच पंप घ्या, ५० मिमीपर्यंतचा घन मैला पुढे ढकलणारा. घरगुती वापराला अर्धा एचपी साधारणपणे पुरतो. साधा सबमर्सिबल चालत नाही, पहिल्याच महिन्यात अडकतो. पंपातून वर जाणारा पाइप ५० मिमी, त्यावर आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा), त्याच्या वर बॉल व्हॉल्व्ह (हाताने बंद करायचा). क्रम उलटा झाला तर नॉन-रिटर्न दुरुस्त करताना वरचं सगळं पाणी अंगावर येतं. मुख्य लाइन आडवी असेल तर तिला वरच्या अंगाने जोडा.

टाकीचं झाकण हवाबंद, आणि टाकीला ५० मिमीचा स्वतंत्र व्हेंट (हवेचा पाइप) गच्चीपर्यंत. वरच्या मजल्यांचं पाणी या टाकीत अजिबात घेऊ नका, ते आपोआप जातंय तसंच जाऊ द्या. जमिनीतून झिरपणारं पाणीही नको. पावसाळ्यात पंप दिवसभर धावेल. झिरपणाऱ्या पाण्याला वेगळा खड्डा हवा.

कोबा फोडायचाच नसेल तर कमोडमागे बसणारा, मैला पात्यांनी बारीक करून ढकलणारा मॅसरेटर पंप मिळतो. त्याला मागच्या बाजूने आउटलेट असलेला कमोड लागतो आणि शॉवरचा ओटा ६-८ इंच उचलावा लागतो. ओला टिश्यू किंवा सॅनिटरी पॅड गेलं की पाती अडकतात. रोजच्या वापराला मी टाकीच सुचवेन.

उत्तर – इंचपट्टी
८ फूट म्हणजे ९६ इंच. एकाच लांब भिंतीवर, दाराकडून आत: बेसिनला ३०, कमोडला ३०, शेवटी पूर्ण रुंदीचा शॉवर ३६. हिशेब अगदी जुळतो. कमोडची मध्यरेषा दोन्ही बाजूंपासून १५ इंच यायला हवी, आणि ती भिंतीची टाइल व शॉवरची काच धरून मोजा. विटेपासून मोजलं की प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच सहज खातात. ८ फुटांचं मापही उघड्या भिंतीचं असेल तर ही कपात बेसिनच्या ३० मधून करा, कमोडमधून नको.

कमोड भिंतीपासून २८ इंच पुढे आला तरी समोर ३२ इंच उरतात. २१ च्या खाली जाऊ नये. बेसिन १८ इंच खोल घ्या, बाजूला ४२ इंच राहतात. दार ३० इंचांचं, बेसिनच्या समोरच्या कोपऱ्यात आणि बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं.

सगळे पाइप एकाच भिंतीत येतात, म्हणून टाकी त्याच भिंतीपलीकडे, कमोडच्या जवळ ठेवा. कमोडचा पाइप १०० मिमी, ढाळ ५० ला १ (५० मिमी लांबीला १ मिमी उतार). शॉवरचा ७५ मिमी, ढाळ ४० ला १. शॉवरपासून टाकी अडीच मीटर धरली तर ढाळातच ६२ मिमी जातात, वर ट्रॅपची खोली. म्हणून टाकीतला इनलेट झाकणाच्या ८-१० इंच खाली येतो आणि ३० इंचांतली जेमतेम २० इंच खोली कामाची उरते. २४ इंचांची टाकी स्वस्त दिसते, पण पंप सारखा चालू-बंद होऊन मोटर लवकर जाते.

उत्तर – कोरडी_भिंत
फोडण्याआधी एक करा: २ × २ फूट प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीला व भिंतीला लावून २४ तास ठेवा. कागदाखाली ओल आली तर ती जमिनीतून येतेय. कागदावर आली तर हवेतली आहे. जमिनीतली असेल तर आतून लावलेला ॲक्रिलिक थर पाण्याच्या दाबाने फुगून सुटतो. सिमेंट-आधारित किंवा क्रिस्टलाइन (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक बनून ती बुजवणारं) कोटिंगच वापरा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात गोलाकार वाटा काढा, नंतर ट्रॅप बंद करून ५० मिमी पाणी ४८ तास उभं ठेवा. टाइल त्यानंतर.

खोली ३१० घनफूट आहे. तासाला १० वेळा हवा बदलायची तर मिनिटाला सुमारे ५२ घनफूट हवा खेचणारा पंखा हवा. डक्ट ४ इंची, बाहेरच्या दिशेला उतरता. दाराखाली पाऊण इंच फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. त्या भिंतीपलीकडे जिना आहे. टाकी जिन्याखाली चालेल?

उत्तर – ढाळ_आधी
झाकणावर निदान ४ फूट मोकळी उंची असेल तर चालेल, कारण पंप पाइपसकट सरळ वर ओढून काढावा लागतो. झाकणावर टाइल लावू नका. पाणी चढल्याची सूचना देणारा अलार्म पंपापेक्षा वेगळ्या सर्किटवर घ्या. पंपाचा एमसीबी पडला की त्याच सर्किटवरचा अलार्मही गप्प बसतो.