वनहक्क समितीत बायका फक्त सहीपुरत्या, काय करावं?

रानवाट (धानोरा तालुका)
आमच्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे रान राखायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळालाय, समितीत बायकांची नावंही आहेत. पण सभा भरते दिवेलागणीला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी. मग रजिस्टर घरोघरी फिरतं आणि बायका पिठाचे हात पुसून सही करतात. बिडीसाठी विकायची तेंदूची पानं तोडणार आम्ही, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणार आम्ही, आणि ठेका कुणाला, भाव काय, हे कळतं घरच्या माणसाकडून. मजुरीही त्याच्याच खात्यात. मला आता गप्प बसवत नाही. सुरुवात कुठून करू?

नियमावली
ताई, वनहक्काचे नियम २०१२ साली सुधारले. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. विषय सुरू होण्याआधी डोकी मोजायला लावा. घरी नेलेली सही म्हणजे हजेरी नव्हे.

कोरचीकडची
मोजणी कराच, पण तेवढ्यानं बायका बोलत्या होत नाहीत. आम्ही आधी दुपारी आपापल्यात बसायचो, काय मांडायचं ते ठरवायचो आणि सभेला एकत्र जायचो. पहिला विषय मोहाचा घेतला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग रानात शिरते, लहान रोपं करपून जातात. पहाटे टोपली घेऊन जाणाऱ्या आम्हीच, त्यामुळे 'तुम्हाला काय कळतं' असं कुणाला म्हणता येईना. पाचोळा झाडायचा, पेटवायचा नाही, असा ठराव झाला. त्यानंतरच तेंदूकार्डाला, म्हणजे पुड्यांची नोंद होते त्या कार्डाला, हात घातला: पुडे जिच्या हातचे, कार्ड तिच्या नावाचं, पैसे तिच्या खात्यात. घरोघरी भांडणं झाली. तरी सोडलं नाही, तुम्हीही सोडू नका.

रानवाट
बायकांची वेगळी बैठक म्हटलं की गावात फूट पाडता असं ऐकवतात.

नियमावली
ग्रामपंचायत कायद्यातच ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची तरतूद आहे. तसं लेखी पत्र सचिवांना द्या, पोच घ्या.

कोरचीकडची
आणि समितीत एकटी-दुकटी राहू नका. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्या अभ्यासल्या. कार्यकारिणीत पाव ते तिसरा हिस्सा बायका असल्या की त्या येऊ लागतात, बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. आमचाही अनुभव तोच.

रानवाट
मोह गळायला लागायच्या आत महिलासभा लावते, दुपारची. पत्र उद्याच देते. ताई, तेंदूकार्डाच्या ठरावाचा मजकूर इथे टाकाल का? तसाच वाचून दाखवीन.